खुणेची जनावरे

पत्ता लिहिणे निराळे आणि पत्ता सांगणे निराळे. लिहिताना आपण घराचा क्रमांक, रस्त्याचे नाव, पोस्टाचा सहा आकडी क्रमांक असा सारा सरंजाम मांडतो, परंतु पाहुणा स्टेशनावर उतरून "आता कसे यायचे?" म्हणून विचारू लागला की यांपैकी एकही गोष्ट उपयोगी पडत नाही. तेव्हा आपण पिंपळ, पाणपोई, गिरणीची चिमणी, बंद पडलेले सिनेमागृह यांचाच धावा करतो. नगरपालिका रस्त्याचे बारसे करते, पाटी लावते, पाटीला हारही घालते. पण लोक पाळण्यातल्या नावाने हाक मारतातच असे नाही. ज्या गावातील रस्त्यांस नुसती नावे आहेत आणि टोपणनावे नाहीत, त्या गावात माणसे राहत असतील, पण ती तेथे नांदत असतील असे आम्हांस वाटत नाही.

पुणेकरांनी तर या बाबतीत देवांचीही भीड ठेवलेली नाही. मारुती एकच, पण जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती अशी त्याची जी नामावळी पुण्याच्या पेठांतून ऐकू येते, ती कोणत्याही स्तोत्रात सापडावयाची नाही. तीत भक्ती आहेच. पण तिच्यापेक्षा सोय अधिक आहे. कोठे वळायचे आणि कोठे थांबायचे हे सांगण्यास देव उपयोगी पडला, एवढीच त्या नावांची जन्मकथा.

तथापि खुणेसाठी लोकांस मनापासून आवडते ते जनावर. याचे कारण उघड आहे. पाटी वाचण्यास अक्षरओळख लागते, पुतळा ओळखण्यास इतिहास लागतो. घोडा ओळखण्यास काहीच लागत नाही. कोकणातून काल आलेला गडी, बापाच्या खांद्यावर बसलेले मूल आणि विश्वविद्यालयाचा पदवीधर हे तिघे घोड्यापुढे एका पायरीवर उभे असतात. शिवाय जनावराला जात नाही, पक्ष नाही आणि जयंती-पुण्यतिथीही नाही. त्याच्या नावावरून दोन तट पडण्याची भीती नाही. मुंबईच्या 'काळ्या घोड्या'ची हकीकत या दृष्टीने पाहिली, तर तीत मोठा बोध भरलेला आहे, असे आमचे मत आहे.

इंग्लंडचा युवराज एडवर्ड १८७५-७६ साली हिंदुस्थानच्या सफरीवर आला होता. त्या सफरीचे स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून या धनिकाने मुंबई शहराला युवराजाचा अश्वारूढ पुतळा देणगी दिला. बोएम या नामांकित शिल्पकाराने तो घडविला आणि १८७९ साली त्याचे अनावरण झाले. जवळच सर आल्बर्टचे वडील डेव्हिड ससून यांच्या नावाचे, १८७० साली बांधून पुरे झालेले वाचनालय होते व आजही आहे. म्हणजे योजना यथासांग होती. युवराज भावी सम्राट, देणगीदार गडगंज, शिल्पकार विख्यात आणि जागा शहराच्या ऐन मोक्याची. एवढ्या थाटाने उभारलेल्या स्मारकाकडे मुंबईच्या सामान्य माणसाने मान वर करून पाहिले आणि म्हटले, "काळा घोडा!" बस्स, एवढेच. शिल्पकार, देणगीदार आणि खुद्द युवराज या तिघांपैकी कोणाचीच त्याने दखल घेतली नाही. पुढे १९०१ साली तो युवराज सम्राट झाला; पण काळ्या घोड्यापाशी त्याच्या पदरी काही पडले नाही. घोड्याच्या पाठीवर बसलेला एक इसम, एवढीच त्याची तेथील योग्यता राहिली.

आमचे एक स्नेही इतिहासाचे अध्यापक आहेत. त्यांना या नावाचा राग येतो. ते म्हणतात, "हे निव्वळ अज्ञान आहे. ज्या समाजाला पुतळ्यावरचा राजा दिसत नाही आणि खालचे जनावर दिसते, त्याला इतिहासाची दृष्टी नाही." आम्हांस तसे वाटत नाही. आमचे वडील (त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू) कोटातील एका कचेरीत कारकून होते. त्यांस राजाचे नाव ठाऊक होते. त्यांच्या शाळेतील पाठ्यपुस्तकात सगळ्याच इंग्रज राजांची नावे होती. तरीही शनिवारी कचेरी सुटल्यावर मित्रांना भेटावयाचे ते "घोड्याखाली". राजाच्या पुतळ्याखाली भेटू, असे त्यांनी किंवा त्यांच्या मित्रांनी कधी म्हटल्याचे त्यांस आठवत नव्हते. याला आम्ही विस्मरण म्हणणार नाही. ही निवड होती. जे आपल्या कामाचे होते ते लोकांनी ठेवले, आणि जे नव्हते ते कोणताही आरडाओरडा न करता गाळून टाकले.

या गाळण्याचे मर्म तुलनेने अधिक स्पष्ट होते. त्याच युवराजाची आई, म्हणजे राणी व्हिक्टोरिया, हिचा पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा त्या काळी मुंबईत कोटाच्या भागात होता. १८९६ साली चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. तो उघड निषेध होता आणि त्यासाठी लागणारे धाडस हजारात एखाद्यापाशी असते. पण मुलाच्या पुतळ्यावर जो काळा रंग चढला तो फासावा लागला नाही. राजद्रोहाचे कोणतेही कलम ज्याला लागू पडले नसते असा एक साधा शब्दप्रयोग हजारो माणसे रोज करीत राहिली, आणि पाऊणशे वर्षांहून अधिक काळ सम्राटाला त्याच्याच घोड्याच्या पाठीवर निनावी बसून राहावे लागले.

१९६५ साली तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. जागा मोकळी झाली आणि तेथे मोटारी उभ्या राहू लागल्या. रीतीप्रमाणे पाहता नावही त्याच वेळी जावयास हवे होते. पण ते गेले नाही. आम्ही त्यानंतर जन्मलेल्या पिढीतले. सात-आठ वर्षांचे असताना अण्णांचे बोट धरून प्रथम तिकडे गेलो, तेव्हा "काळा घोडा आला" असे त्यांनी म्हणताच आम्ही चोहीकडे पाहू लागलो. "घोडा कोठे आहे?" असे विचारता अण्णा म्हणाले, "भायखळ्याला गेला." "मग याला काळा घोडा का म्हणतात?" अण्णांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आम्ही म्हणतो म्हणून." स्थळनामांच्या शास्त्रावर पुढे आम्ही बरेच काही वाचले, पण याहून नेमके उत्तर आमच्या वाचनात आले नाही.

तेव्हापासून कॉलेजात असताना, पुढे नोकरी लागल्यावर, जहांगीर कलादालनात चित्रे पाहावयास जाताना, वाचनालयाच्या वरच्या सज्जात दुपार काढताना, आम्ही हजार वेळा "काळ्या घोड्याजवळ" असे म्हटले असेल आणि एकदाही तेथे घोडा पाहिला नाही. टॅक्सीवाल्याने कधी "कोणता घोडा?" म्हणून विचारले नाही. १९९९ साली तेथे कलामहोत्सव सुरू झाला, तोही नसलेल्या घोड्याचेच नाव घेऊन. चिंचपोकळीस चिंच किंवा फणसवाडीस फणस शोधावयास कोणी जात नाही, त्यांतलाच हा प्रकार. अखेर २०१७ साली त्या परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला. या घोड्याच्या पाठीवर कोणी नाही. आमच्या इतिहासाच्या स्नेह्यांस ही निव्वळ चतुराई वाटली. आम्हांस मात्र असे वाटले की, १८७९ सालापासून लोक जो पुतळा डोळ्यांनी पाहत होते, तोच हा. शिल्पकाराच्या हाती लागण्यास त्याला १३८ वर्षे लागली, इतकेच. पूर्वी घोड्याने जागेला नाव दिले होते. आता नावाने जागेला घोडा दिला.

जुना घोडा पाहावयाचा असेल तर भायखळ्याला जावे. तेथे आणखी एक जनावर भेटते. भाऊ दाजी लाड संग्रहालयासमोर दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्यालाच पाहून त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याचा घाट घालण्यात आला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले व १९१४ साली सांधून तो पुन्हा उभा करण्यात आला. बेटावर हत्ती नाही, तरी परक्यांच्या तोंडी ते बेट अजून हत्तीचेच आहे. आणि आमच्या कोळ्यांच्या व गावकऱ्यांच्या तोंडी ते पूर्वी घारापुरी होते, आजही घारापुरीच आहे. डांबर फासलेली राणीही आता त्याच संग्रहालयाच्या आवारात आहे. आपल्या जागेवरून उठलेली ही मंडळी अशी एका ठिकाणी गोळा झालेली पाहिली की, शहरांनाही अडगळीची खोली लागते, हे ध्यानात येते. पण या खोलीतील जनावरांनी आपापली नावे मात्र बरोबर आणली नाहीत. ती जागच्या जागी ठेवून ती इकडे आली.

दगडाच्या आणि धातूच्या जनावरांना निदान ही सोय आहे. त्यांना उचलता येते, तुकडे झाले तर सांधता येतात. अलीकडे शहरांतून जी नवी जनावरे अवतरली आहेत त्यांना ती सोय नाही, कारण ती भिंतींवर राहतात. लंडन शहराच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाचा रस्ता आहे. तेथे बंगाली लोकांची मोठी वस्ती आहे. त्या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या हॅनबरी स्ट्रीटवरील एका उंच भिंतीवर 'रोआ' या टोपणनावाने चित्रे काढणाऱ्या बेल्जियन चित्रकाराने २०१० साली एक प्रचंड पक्षी रंगविला. तो काढीत होता बगळा, पण येणारेजाणारे बंगाली लोक "हा क्रौंच काय?" म्हणून विचारू लागले. त्यांच्या मनात त्या पक्ष्याविषयी आदर आहे, हे कळल्यावर त्याने बगळ्याचा क्रौंच केला, असे सांगतात. त्याच चित्रकाराने हॅकनी रोडवर १२ फूट उंचीचा एक ससा काढला होता. भिंत विद्रूप झाली, सबब चित्र पुसावे, असे तेथील पालिकेने बजावताच लोकांनी सह्यांचा अर्ज केला आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. पहिल्या चित्रात लोकांनी जनावराला नाव दिले. दुसऱ्यात त्याला जीवदान दिले. चित्रकार तर दोन्ही भिंतींवरून केव्हाच खाली उतरून गेला होता.

ही विलायतची गोष्ट आम्हांस सांगावीशी वाटली, कारण आमच्या दारी हाच प्रश्न येऊन उभा राहिला आहे. आम्ही ज्या उपनगरात राहतो तेथील आमच्या चार मजली इमारतीच्या रस्त्याकडील भिंतीस एकही खिडकी नाही. दहाएक वर्षांपूर्वी चित्रकलेच्या काही विद्यार्थ्यांनी सोसायटीची परवानगी घेऊन, बांबूंची परांची बांधून, त्या भिंतीवर तळापासून गच्चीपर्यंत एक हत्ती काढला. कलेच्या दृष्टीने तो निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा बराच मोठा आहे, आणि सोंड नेमकी पावसाच्या पाण्याच्या नळावरून खाली उतरली आहे. त्यामुळे आषाढात नळ गळू लागला की पोरे "हत्तीने पाणी उडवले" म्हणून टाळ्या पिटतात. ओलीने पोपडे येऊन त्याचा रंग गेला आहे. पण वर्षभराच्या आतच आमच्या गल्लीचे पालिकेने ठेवलेले नाव नाहीसे झाले. रिक्षावाला "हत्ती?" म्हणून विचारतो आणि आम्ही मान डोलावतो. समोरच्या वीजमिस्त्रीने आपल्या कार्डावर 'हत्तीसमोर' असे छापून घेतले आहे.

आता इमारत पाडून नवी बांधावयाची असे ठरले आहे. ठरले ते योग्यच. छप्पर गळते आहे, सज्जे ढासळत आहेत, वृद्ध माणसांस जिने चढवत नाहीत. चित्र टिकावे म्हणून माणसांनी पडक्या घरात राहावे, असे म्हणण्याइतके आम्ही कलासक्त नाही. सर्वसाधारण सभेत हत्तीचा विषय निघाला, तेव्हा कोणी म्हणाले, "चित्रच ते! नव्या भिंतीवर दुसरे काढू." कोणी म्हणाले, "हल्ली मोबाइलवर नकाशा असतो, खूण लागते कोणाला?" अखेर हत्तीचे उत्तम छायाचित्र काढून ते नव्या इमारतीच्या दिवाणखान्यासारख्या प्रवेशदालनात लावावे, असा ठराव एकमताने झाला. सगळ्यांस समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी हत्तीच्या पुढल्या पायाशी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी आम्हांस विचारले, "सर, हत्ती पुसणार म्हणं? मग मी कुठं बसते म्हणून सांगायचं टेंपोवाल्याला?"

या प्रश्नाने आमचा सारा ठराव उलटून पडला. आमच्या घराला क्रमांक आहे. हत्ती गेला तरी आमची पत्रे येतील, पाहुणे येतील, गॅसचे सिलिंडर येईल. नकाशातही आमच्या इमारतीचे नाव आहे. पण मावशींना क्रमांक नाही. चांभाराला नाही, किल्ल्या करणाऱ्याला नाही. पहाटे बाजारातून येणारा टेंपो ज्या आधाराने मावशींची पाटी उतरवून जातो तो हत्ती हाच त्यांचा पत्ता, तोच त्यांच्या दुकानाचा फलक. आम्हांस जी शोभा वाटत होती ती त्यांची मिळकत होती. आणि प्रवेशदालनातील छायाचित्र? पहारेकरी ज्यांना आत सोडील त्यांनाच ते दिसणार. म्हणजे ज्यांना हत्तीवाचून आपले घर सापडते, नेमक्या त्यांनाच.

काळ्या घोड्याचे नाव घोडा गेल्यावर ५२ वर्षे कसे टिकले, याचे उत्तर आम्हांस येथे मिळाले. घोडा हलला, पण त्याच्याखाली भेटणारी माणसे हलली नाहीत. कारकून कचेरीत येत राहिले, विद्यार्थी वाचनालयात येत राहिले, फुटपाथवर चित्रे मांडणारे मांडीत राहिले. आणि त्या सगळ्यांनी आपल्या मुलांस, गिऱ्हाइकांस, मित्रांस "काळ्या घोड्याजवळ ये" असे सांगण्याचे सोडले नाही. खूण जनावराच्या पायांवर उभी नसते. ती तिचे नाव घेणाऱ्या तोंडांवर उभी असते. जनावर नेले तरी चालते. तोंडे नेली की मग नवी भिंत बांधून तिच्यावर साक्षात ऐरावत रंगविला, तरी तो नुसता रंगच राहील.

म्हणून पुढील सभेत आम्ही दुसरी सूचना मांडली. नव्या नकाशात रस्त्याकडची बाजू मोटारींसाठी बांधलेल्या दुमजली तळाने बंद केली आहे. तीत आठ-दहा फुटांचा एक कट्टा मोकळा सोडावा, त्यावर पागोळी पडणार नाही एवढे छप्पर असावे, आणि आज जे हत्तीच्या पायाशी बसतात त्यांस तेथे बसू द्यावे. त्यांच्या मागे चित्र असो वा नसो. ही सूचना सभेने ऐकून घेतली आणि वास्तुविशारदाच्या विचारार्थ पाठविली. सूचना विचारार्थ पाठविणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

हत्ती जाणार हे नक्की झाले आहे आणि त्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. जनावरे जागा सोडूनही नाव ठेवून जातात, हे आपण पाहिलेच. मावशी राहणार की जाणार, हे अद्याप ठरावयाचे आहे. त्या राहिल्या, तर आमची नातवंडे बापाचे बोट धरून त्या गल्लीत शिरतील, चोहीकडे पाहतील, आणि "येथे हत्ती कोठे आहे?" असे विचारतील. तो प्रश्न कोणाला तरी विचारावासा वाटावा, एवढ्याचसाठी आमचा हा सारा खटाटोप आहे.